बॅटरीचा उजेड

आमच्या वस्तीवर खोंड बडवायचा असला की घरातल्या बाया मागच्या दारानं रानात निघून जायच्या. त्यांना कुणी जा म्हणायचं नाही, त्या आपोआप जायच्या. मग आबा, चुलते आणि गावातला एक जाणता माणूस मिळून खोंड आडवा पाडायचे. चारी पाय कासऱ्यानं आवळायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना मला पहिल्यांदा कासऱ्याचं टोक धरायला उभं केलं. खोंडाचं ते हंबरणं अजून कानात आहे. रात्रभर तो दावणीला मागचे पाय फाकवून उभा होता. वैरणीला तोंड लावलं नाही. चार दिवसांनी आबा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता कामाचा झाला." म्हणजे मारका राहिला नाही, गाईमागं पळणार नाही, मान खाली घालून औत ओढील. पुढं सरकारी दवाखान्यातला चिमटा आला आणि दगडानं चेचायची पद्धत गेली, पण माझ्या मनातला खोंड तसाच उभा राहिला.

हे आधी सांगण्याचं कारण असं, की जवळजवळ वीस वर्षांनी जेव्हा माझ्यावर वेळ आली, तेव्हा मला ना डॉक्टर आठवला, ना दवाखाना. मला तो खोंड आठवला.

आमचं रान इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्यावर. कालवा बारामतीकडनं येतो, सणसर, लासुर्णे करत पुढं जातो. आम्ही पार शेवटाकडचे. वरच्यांचं भिजल्यावर उरलं तर आमचं. त्यामुळं पाण्याची पाळी आली की दिवस म्हणायचा नाही, रात्र म्हणायची नाही. 2012 सालचा फेब्रुवारी होता. रात्री दोनपर्यंत उसाला पाणी धरलं, चिखलानं भरलेलं अंग धुवायला पाटात बसलो आणि हाताला गोळीवर एक गाठ लागली. उजव्या बाजूला. चिंचोक्याएवढी, तशीच टणक. दाबून बघितली. दुखेना.

दुखेना, म्हणून मी घरी आलो आणि झोपलो. दुखलं असतं तर बोललो असतो. पायात काटा मोडला तरी आपण चार माणसांना दाखवतो. पण न दुखणाऱ्या गोष्टीची वाच्यता कशाला करायची, आणि तीही असल्या जागेची? मी सत्तावीस वर्षांचा होतो. सुपारी फुटली होती, आषाढाच्या आधीची तारीख धरली होती. दोन भावांत पलंग कुठं ठेवायचा यावर घरात चर्चा चालली होती. अशात मी कुणाला आणि काय सांगणार?

त्याच महिन्यात टीव्हीवर युवराज सिंगच्या कॅन्सरची बातमी आली. आदल्या वर्षीच्या वर्ल्ड कपमध्ये त्यानं 362 धावा केल्या होत्या, 15 बळी घेतले होते. आख्ख्या वस्तीनं एका टीव्हीपुढं बसून ते सामने बघितले होते. आता तोच गडी अमेरिकेत, डोक्याचे केस गेलेले. आई म्हणाली, "सोन्यासारखं प्वार हाय, बरं हुईल त्ये." मी तिथंच बसलो होतो. हात आपसूक मांडीवर गेला, पण तरी माझ्या ध्यानात काही आलं नाही.

मार्चअखेर गाठ वाढली. त्या बाजूला ओझं वाटायला लागलं, ओटीपोटात जडपणा. मोटारसायकलवर बसलं की जाणवायचं. एका बाजारच्या दिवशी, ओळखीचं कुणी नाही असं बघून एका दवाखान्यात शिरलो. त्यांनी पँटवरूनच बघितल्यासारखं केलं. म्हणाले, "पाणी झालंय, अंडवृद्धी. घट्ट लंगोट लाव. नाही उतरलं तर सुई घालून पाणी काढू." सुई म्हटल्यावर मी जो तिथनं निघालो तो परत त्या रस्त्याला गेलो नाही. भित्रेपणाचा माणसाला कधी फायदा होतो का? मला झाला. तो कसा, ते पुढं कळलं.

लंगोट लावून एप्रिल गेला, मे गेला. पत्रिका छापून आल्या. आई आणि चुलती हळदीच्या बोटानं त्यावर ठिपके देत होत्या. मी रात्री उठून गोठ्यात जाऊन बसायचो.

मेच्या शेवटी गाय भरवायला जनावरांचे डॉक्टर आले. आबा लासुर्ण्याला गेले होते. डॉक्टरांनी काम उरकलं, हातमोजा काढला, बादलीत हात धुतले आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "काय रं, गाय तुझी भरली आन् घाम तुला फुटलाय!"

आणि मी सांगून टाकलं. आजही नवल वाटतं. सख्ख्या भावाला सांगितलं नाही, मित्राला नाही, आणि जनावरांच्या डॉक्टरला सांगितलं. पण त्याचं कारण मला आता कळतं. त्या माणसापुढं हे शब्द रोजचे होते. गोळी, वळू, गाभण, खच्ची हे सगळं ते भाकरी-कालवणासारखं बोलायचे. त्यांच्यापुढं लाजायला जागाच नव्हती.

त्यांचं हसू गेलं. "किती दिवस झालं?"

"चार म्हैनं."

"दुखतंय?"

"न्हाय."

"मग उद्याच्या उद्या बारामतीला जा. सर्जनकडं. मी जनावरांचा हाय, माणसाच्या अंगाला हात लावणार न्हाय. पर न दुखणारी कडक गाठ मला गाईच्या कासंत सापडली तरी आवडत न्हाय."

मी कसंबसं विचारलं, "डॉक्टर, काढली तर... बैलासारखं?"

"येडा हाईस का? बैलाच्या दोन्ही घालवत्यात, तवा बैल हुतो. एका गोळीचा वळू मी सोता बघितलाय. कालवडी गाभण ऱ्हात हुत्या की."

बारामतीच्या सर्जननं मला आतल्या खोलीत घेतलं आणि दिवा बंद केला. खिशातली छोटी बॅटरी काढून खालून लावली. आधी डाव्या बाजूला, मग उजव्या. मला काही कळेना. ते म्हणाले, "हे बघ, पाणी असतं ना, तर बॅटरीच्या उजेडानं ते कंदिलासारखं लालबुंद दिसलं असतं. उजेड आरपार जातो. तुझ्यात उजेड जात नाही. आत भरीव आहे." दोन मिनिटांचं काम. रोज रात्री पाणी धरताना बॅटरी माझ्याच हातात असायची, आणि चार महिने मी लंगोट आवळत बसलो होतो.

सोनोग्राफी झाली. सर्जननी आबांना आत बोलावलं. कॅन्सर हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला आणि लगेच पुढं म्हणाले, की पंधरा ते चाळीस वयाच्या पुरुषांत आढळणारा हा आजार आहे, आणि वेळेत आलेल्यांतले 100 पैकी 95 हून अधिक बरे होतात. आबांनी पुढचं काही ऐकलं नाही. बाहेर येऊन लिंबाखाली बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "लगीन धा-बारा दिसांवर आलंय. हुंदी. मग बघू."

मी म्हणालो, "आबा, डॉक्टर आठवडासुदीक थांबू नको म्हणत्यात."

"लोकं काय म्हणतील?"

आयुष्यात आबांना पहिल्यांदा उलटून बोललो. "मेलो तर काय म्हणतील?"

त्या संध्याकाळी कालव्याच्या भरावावर जाऊन मी मुलीला फोन केला. तोवर आम्ही फोनवर पाऊसपाणी सोडून फार काही बोललो नव्हतो. सगळं सांगितलं. कुठं आहे तेही सांगितलं. पलीकडं किती तरी वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "आप्पांना सांगते." दोन दिवसांनी तिचे वडील एकटेच आले. जोत्यावर बसले, चहा घेतला. आवाज न चढवता म्हणाले, "पाव्हणं, तुमी खरं सांगितलंत, उपकार झालं. पर लेकीचा बाप हाय मी." आई आत रडत होती. मला मात्र त्या माणसाचा राग आला नाही. अजूनही येत नाही. त्यांच्या जागी मी काय केलं असतं, याचं उत्तर मी छातीठोकपणे देऊ शकत नाही. हळदीच्या ठिपक्यांच्या पत्रिका आईनं कित्येक वर्षं ट्रंकेत ठेवल्या होत्या.

सर्जननी चिठ्ठी दिली होती परळच्या टाटा हॉस्पिटलची. एक गाय विकली, आईची बोरमाळ गहाण पडली. बारामतीहून एसटी, पुण्याहून गाडी, आणि दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा. ज्यानं हे नाव ऐकलं नसेल त्यानं एकदा तिथं जाऊन यावं. स्वतः खापरात खाऊन त्या माणसानं परक्यांसाठी छप्परं उभी केली. तिथं आमच्यासारखी किती तरी माणसं. कुणाचा जबडा, कुणाची छाती, कुणाचं पोरगं. पहिल्या रात्री मला वाटलं, माझा आजार सांगायला लाजिरवाणा. दुसऱ्या दिवशी ते वाटणं गेलं. तिथं कुठल्याच अवयवाला अब्रू नव्हती, सगळे नुसते अवयव होते.

1941 पासून उभ्या असलेल्या त्या हॉस्पिटलात माणसांची गर्दी आमच्या यात्रेसारखी. नंबर लागला. तरुण डॉक्टरनं विचारलं, "लहानपणी दोन्ही गोळ्या खाली उतरलेल्या होत्या का?" मी गप्प. मला काय माहीत? मागं उभी असलेली आई पुढं झाली आणि ठसक्यात म्हणाली, "हुत्या की! मीच न्हाऊ घालत हुते त्याला. चांगल्या दोन्ही हुत्या!" बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. एक म्हातारा खुदकन हसला. डॉक्टर हसले, मी हसलो आणि चार महिन्यांत पहिल्यांदा आबासुद्धा हसले. माझ्या मते माझा अर्धा आजार त्या क्षणाला गेला.

मग डॉक्टरनं आईला समजावलं. बाळ पोटात असताना या गोळ्या मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमाराला खाली उतरतात. एखाद्याची वरच अडकून राहते. अशा मुलाला पुढं हा आजार व्हायचा धोका जास्त असतो. सहा महिन्यांच्या बाळाची गोळी हाताला लागत नसेल तर डॉक्टरला दाखवावं, वर्षा-दीड वर्षाच्या आत छोटं ऑपरेशन करून ती खाली आणतात. आपोआप उतरेल म्हणून वर्षानुवर्षं वाट बघत बसू नये. आईनं हे इतकं मनावर घेतलं, की पुढं भावकीतल्या प्रत्येक बाळंतिणीला तिनं ते सांगितलं.

रक्त तपासलं. या गाठी रक्तात काही खुणा सोडतात, त्यावरून गाठीची जात आणि पुढं उपचार लागू पडतोय का, हे कळतं. मग ऑपरेशन कसं करणार हे डॉक्टर दाखवू लागले. बोट त्यांनी माझ्या जांघेवर ठेवलं, जिथं हर्नियाचा छेद घेतात तिथं. आबांना राहवलं नाही. "सायेब, गाठ खाली हाय आन् तुमी कापणार वर?"

"हो बाबा. पिशवी फोडायचीच नाही. सुईसुद्धा घालायची नाही. या गोळीच्या शिरा आणि रसवाहिन्या वर पोटात, मूत्रपिंडाच्या बाजूला जातात. रोग पसरला तर त्या वाटेनं वर पसरतो. पिशवीच्या कातडीची वाट वेगळी आहे, ती जांघेकडं जाते. आपण खालून कापलं तर रोगाला नवी वाट उघडून दिल्यासारखं होईल. म्हणून वर छेद घेऊन आधी दोर बांधायचा आणि मग गोळी दोरासकट वरच्या वाटेनं बाहेर काढायची."

आबांनी क्षणभर विचार केला. सगळा जन्म कालव्यावर गेलेला माणूस. म्हणाले, "म्हंजी आधी वरचं दार पाडायचं आन् मग चारीला हात घालायचा. मधीच बांध फोडला तर पानी शेजाऱ्याच्या रानात."

डॉक्टर त्यांच्याकडं बघतच राहिले. "अगदी तसंच बाबा."

मला तेव्हा बाजारातल्या दवाखान्यातली ती सुई आठवली. पळून आलो हे किती बरं केलं!

ऑपरेशनच्या आधी एका लॅबमध्ये बीज साठवून ठेवायला पाठवलं. कारण एक गोळी राहिली तरी मूल होण्यात सहसा अडचण येत नाही, पण पुढं केमो लागली तर बीजावर परिणाम होऊ शकतो. तिथं बाटली हातात घेऊन बंद खोलीत बसलो होतो, तेव्हा दारात गाय भरवायला आलेले आमचे डॉक्टर आठवले आणि एकट्यालाच हसू आलं. काढलेल्या जागी सिलिकॉनची नकली गोळी बसवायची का, असंही विचारलं होतं. दिसायला बरं वाटतं म्हणून काहीजण बसवून घेतात. मी नको म्हणालो.

ज्या दिवशी बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं रिंगण होतं, त्या दिवशी मी टेबलावर होतो. दरवर्षी आई त्या वाटेवर वारकऱ्यांना पिठलं-भाकरी घालायची. त्या वर्षी ती परळच्या फूटपाथवर बसून होती. पाठीत इंजेक्शन दिलं, कमरेखालचं अंग बधिर झालं. डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत होतं. तास-सव्वा तासात काम झालं. बोटा-दीडबोटाचा व्रण. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी धर्मशाळेच्या जिन्यावरून चढउतार करत होतो. एवढ्यासाठी मी चार महिने गोठ्यात बसून काढले होते.

तपासणीत गाठ सेमिनोमा जातीची निघाली. पोटाच्या स्कॅनमध्ये पसरलेलं काही नव्हतं, म्हणून मला केमो न देता नजरेखाली ठेवलं. युवराजला छातीत झालेला आजारही याच जातकुळीतला, हे तिथंच कळलं. ज्या डॉक्टर लॉरेन्स आइनहॉर्न यांच्याकडं त्याचा इलाज झाला, त्यांनीच 1974 मध्ये सिस्प्लॅटिन हे औषध धरून या आजारावर केमोची नवी पद्धत आणली होती. त्याआधी पसरलेल्या आजारातनं फार थोडे वाचायचे. त्यानंतर पसरलेल्या अवस्थेतले रुग्णही मोठ्या संख्येनं बरे व्हायला लागले. सप्टेंबरात युवराज पुन्हा मैदानात उतरला, त्या दिवशी मी मोटार चालू करून उसात होतो. मोबाईलवर मित्राचा मेसेज आला. मी पाटाच्या कडेला थोडा वेळ खाली बसलो.

पुढचं साल दुष्काळाचं. उजनी वजा पातळीत गेली, पळसदेवचं पाण्याखालचं जुनं देऊळ उघडं पडलं, लोक गाड्या करून बघायला गेले. गावात माझीही तशीच गत. झाकलेलं सगळं उघडं पडलं होतं. पारावर मी दिसलो की बोलणं थांबायचं. एकानं तर तोंडावर विचारलं, "आता तुझं कसं रं?" मी म्हणालो, "तुझ्यासारखंच. दाढी येतीय, ताकद हाय." राहिलेली गोळी दोघांचं काम करते, हे मी पन्नास जणांना तरी सांगितलं असेल. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत मला तोच खोंड दिसायचा.

2014 मध्ये दौंड तालुक्यातलं स्थळ आलं. पोहे खाऊन झाल्यावर मी मुलीशी दोन मिनिटं बोलू द्या म्हणालो आणि तिला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "आमच्या आत्यानं पोराला एक किडनी दिलीय. ती अजून दोन म्हशींच्या धारा काढती." एवढंच. आज आमची मुलगी पाचवीला आहे. साठवून ठेवलेलं बीज वापरायची वेळ आली नाही.

परळच्या फेऱ्या आधी तीन-चार महिन्यांनी असायच्या, मग सहा, मग वर्षानं. आता तालुक्याच्या गावातही पूर्वीपेक्षा सोय बरी आहे. बारामतीत 2019 पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. पण दवाखाना किती जवळ आला तरी लाजेचं अंतर ज्याचं त्यानंच कापावं लागतं. म्हणून आमच्या तालमीतल्या पोरांना मी सांगतो, महिन्यातनं एकदा, गरम पाण्यानं आंघोळ करताना, बोटांनी नीट चाचपून बघा. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागतं, ते असतंच. पण गोळीवर खडा लागला, जडपणा वाटला, एक बाजू मोठी झाली, तर थांबू नका. पोरं आधी फिदीफिदी हसतात. हसू देत.

गेल्या वर्षी चुलतभावाचा पोरगा रात्री दारात आला. पोलीस भरतीची तयारी करतोय, एकोणीस वर्षांचा. "काका, जरा भाईर या." मी चप्पल घातली. गोठ्याजवळ जाऊन तो जमिनीकडं बघत उभा राहिला. मला काही विचारावं लागलं नाही.

सकाळी त्याला मागं बसवून बारामतीला नेलं. डॉक्टरनी दिवा बंद केला, बॅटरी लावली. त्या अंधाऱ्या खोलीत लालभडक उजेड पसरला. पाणी होतं. तरी आत दुसरं काही लपलेलं नको म्हणून सोनोग्राफी करून घ्यायला लावली. तीही स्वच्छ निघाली.

परत येताना पोरगं मोकळं झालं होतं, गाडीवर मागं बसून गाणी म्हणत होतं. भवानीनगर मागं पडल्यावर एकदम गप्प झालं. मग कानाशी येऊन विचारलं, "काका, तुमचा उजेड दिसला नव्हता का?"

"न्हाय."

पुढं तो काही बोलला नाही. जंक्शनला थांबून आम्ही चहा घेतला. पैसे मला देऊ दिले नाहीत.